भाच्याच्या अंगाला हात

कोंबडी दिवसा धरता येत नाही. संध्याकाळी ती खुराड्यात बसली की धरायची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण भर दुपारी पाहुणा यायचा आणि घरात शिजवायला दुसरं काही नसायचं, तेव्हा आमच्या मोहल्ल्यातल्या बाया माझ्या भाच्याला हाक मारत. तो यायचा, चप्पल काढून बाजूला ठेवायचा आणि अंगणात नुसता उभा राहायचा. पळायचा नाही, हात पसरायचा नाही. कोंबडी दाणे टिपत टिपत त्याच्याजवळून जायची आणि मग ती त्याच्या काखेत असायची. ओरडायलाही तिला उशीर व्हायचा. हात नेमका कधी हलतो ते आज पाहीनच, असं म्हणून मी कितीदा डोळे लावून बसलो. नाही दिसला.

मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, तेही पिकाच्या दिवसांत नाही. लिहिणं हे काही माझं काम नव्हे. पण आमच्या गावात एक गोष्ट सांगतात. दर पोळ्याला सांगतात, आणि ऐकणारे टाळ्या वाजवतात. ती गोष्ट अर्धी आहे. उरलेली अर्धी माझ्याजवळ आहे, आणि ज्याची ती आहे तो बोलणारा माणूस नाही. म्हणून मी लिहायला बसलो.

गाव वर्ध्याकडचं, सिंदी रेल्वे स्टेशनापासून सायकलच्या वाटेवर. नाल्याच्या अलीकडे गाव, पलीकडे आमचा मोहल्ला. मी सिंदीच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हमाल होतो. जवानीत कुस्ती खेळलो. माझ्या पाठीला कोणी माती लावली नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. फक्त एकदा लागली, ती पुढे येईल. बहीण नाचणगावला दिली होती. नव्वदच्या आगेमागे तिचा नवरा वारला, तेव्हा तिचा पोरगा माझ्याकडे आला आणि माझ्यासोबत हमालीला लागला.

अंगाने म्हणाल तर काडी. जिनिंगच्या काट्यावर उभा राहिला की काटेवाला म्हणायचा, उतर बे, तुह्यानं काटा हालून नाई राह्यला. वीस वर्षांचा झाला तरी पन्नास किलोच्या वर गेला नाही. पण कापूस संपल्यावर वावरातली पऱ्हाटी उपटायला लोक लोखंडी चिमटा घेऊन जातात, तिथे हा रिकाम्या हाताने जायचा. एक झाड उजव्या हाताने, एक डाव्या हाताने, तास म्हणजे झाडांची ओळ संपेपर्यंत. ज्यांनी वाळलेली पऱ्हाटी कधी उपटली नाही त्यांना हे कळणार नाही. मुळं काळ्या मातीत अशी रुतलेली असतात की चिमट्यालाही दोन हिसके द्यावे लागतात. त्याच्या हातात ती मुळ्यासारखी यायची.

आता एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्या भागात भाचा म्हणजे देवाच्या जागी. तो पाळण्यात असला तरी मामाने त्याच्या पाया पडायचं. त्याला पाय लागू द्यायचा नाही, त्याच्या अंगावर हात टाकायचा नाही. शेजारी एखाद्या पोराच्या कानाखाली वाजवतो, पण ते पोरगं भाचा असलं तर तोच शेजारी हात खाली घेतो. मी हमाली करणारा माणूस, कुणापुढे वाकलो नाही. भाच्यापुढे रोज वाकलो.

त्यामुळे मी त्याला कुस्ती शिकवली ती तोंडाने. नाल्याच्या काठी आमचा आखाडा होता. म्हणजे खोदून भुसभुशीत केलेला चौक आणि वर कडुनिंब. तो मोहल्ल्यातल्या पोरांशी लढायचा आणि मी कडेला बसून सांगायचो. मान दाब, कोपर सोड, आता वाक. त्याचा डाव एकच, पट. वाकून समोरच्याचा पाय उचलायचा आणि खांद्याने त्याला मागे लोटायचं. साधा डाव, सगळ्यांना येतो. पण तो वाकलेला कोणाला दिसायचा नाही. समोरचा आडवा झाल्यावर सगळ्यांना कळायचं, की पट काढला. इतकी वर्षं शिकवलं, पण त्याच्या अंगाचा जोर माझ्या अंगाला कधी कळला नव्हता. मी त्याला हात लावलाच नव्हता ना.

ती गोष्ट घडली त्या वर्षी तो एकविसाव्यात होता. पोळ्याच्या आधी नागपूरचा एक कुस्तीचा उस्ताद गावात आला. एका सरकारी खात्याच्या संघासाठी तो पोरं निवडायचा. निवडलेल्या पोराला आधी सराव आणि मग खेळाडू म्हणून नोकरी, असं होतं. उतरला होता गावातल्या कापसाच्या दलालाकडे. दलालाचा मुलगा गावचा पैलवान. दूध, बदाम, दोन माणसांचं अंग. स्वभावाने वाईट म्हणणार नाही मी. वाईट व्हायची त्याला गरजच पडली नव्हती.

हंगाम संपला होता, पण कापसाच्या उरलेल्या गाठी ट्रकमध्ये चढवायच्या होत्या. दलाल पाहुण्याला जिनिंग दाखवायला घेऊन आला. आम्ही फळीवरून गाठ चढवत होतो, ती घसरली. खाली एक म्हातारा हमाल होता. भाच्याने आकडा मारून गाठ धरली आणि दुसऱ्या हाताने त्या म्हाताऱ्याला बाजूला ओढला. दोन्ही कामं एकदमच. उस्ताद उभा होता तो जवळ आला. याच्यात तं निस्ती हाडं हायेत, असं म्हणाला. मी म्हटलं, हात धरून पाहा. भाच्याने त्याचं मनगट धरलं. उस्ताद हसत हसत सोडवायला लागला, मग हसणं थांबलं, मग भाच्याने आपणहून सोडलं.

तेव्हा उस्ताद जे बोलला ते मला शब्दासकट आठवतं.

“हलक्या वजनाचा एक पोरगा मले पाह्यजेच. पण धरणं येगळं अन् पाडणं येगळं. करीच्या दंगलीत भारी गड्याले माह्या डोयापुढं पाड. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं संग नेतो.”

एवढंच होतं. भारी गडी पाडायचा आणि हमालीतून सुटायचं. बहीण पोळ्यासाठी आली होती. तिने त्याच रात्री त्याचे कपडे धुतले, दोन सदरे पिशवीत भरून पिशवी खुंटीला टांगली आणि जुन्या लुगड्याच्या लाल काठाचा लंगोट शिवला. भाचा तिला म्हणाला, माय, आदी पाडू तं दे. ती म्हणाली, तू पाडतं ते मले मालूम हाये.

करीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, शाळेमागच्या पटांगणात कुस्त्यांची दंगल भरली. पहिल्या रांगेत लहान पोरं, आपापले लाकडी नंदी मांडीवर घेऊन. बायका शाळेच्या ओट्यावर. डफडं वाजत होतं. वजनबिजन कोणी पाहत नाही तिथे, पंच डोळ्याने जोड लावतात. भाच्याने दुपारी एक कुस्ती मारली, सेलूकडच्या पोराशी. डफडंवाल्याने हात उचलला तोवर ती संपली होती. लोक एकमेकांना विचारत होते, काय झालं.

शेवटची कुस्ती मानाची. गावचा पैलवान मैदानात फिरतो, आणि ज्याची छाती असेल त्याने येऊन त्याच्या हाताला हात लावायचा. दलालाचा मुलगा फिरला. कोणी उठलं नाही. दुसऱ्या फेरीला माझा भाचा उठला, आणि सगळं पटांगण हसलं. एक म्हातारा माझ्या मागून म्हणाला, धरून ठेवा रे त्याले, वारं सुटलं तं खळ्यात सापडन. मीही हसलो. मला माहीत होतं ना.

दोघांनी हात मिळवला. हात मिळवताना गडी एकमेकांचा जोर पाहतात. मी दलालाच्या मुलाच्या तोंडाकडे पाहत होतो. हसू होतं ते तसंच राहिलं, पण डोळे उस्तादाकडे गेले, मग बापाकडे गेले. त्याने हात सोडवून घेतला. भाच्याने सोडला म्हणून सुटला. मग त्याने दोन्ही हात जोडले, पुढे आला आणि भरल्या मैदानात वाकून माझ्या भाच्याच्या पायाला हात लावला.

“हा आपल्या गावच्या लेकीचा लेक,” तो पंचांकडे वळून मोठ्याने म्हणाला. “म्हणजे माहा भासा लागते. भाच्याच्या अंगाले हात कसा लावू मी?”

मग एक टाळी वाजली, मग सगळ्या. पंच उठून उभे राहिले. दलालाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खरं होतं की काय मला माहीत नाही. उस्तादाने मान हलवली आणि शेजारच्याला म्हणाला, असे संस्कार आता पाहाले भेटत नाई. पंचांनी माझ्या भाच्याच्या खांद्यावर शेला टाकला, हातात नारळ दिला. कुस्ती झाली नाही.

लोक सांगतात ती गोष्ट इथे संपते.

आता ऐका. दलालाच्या वावरात माझी बहीण लहानपणी मायसोबत कापूस वेचायला जायची. तेव्हा ती त्या घराची लेक नव्हती. ओसरीच्या खाली उभी राहायची. माझा भाचा त्यांच्या गाठी चढवायचा तेव्हा त्याला ‘ए हाडक्या’ अशी हाक होती. नाल्यापलीकडच्या बाईचा पोरगा नाल्याअलीकडच्या कोणत्याही घराचा भाचा त्या दिवसापर्यंत झाला नव्हता. त्या दिवशी झाला, एका हाताला हात लावल्याबरोबर. मान देऊन माणसाला हाणता येतं हे मला तेव्हा समजलं. शिवी दिली असती तर शिवी देता आली असती. पाया पडणाऱ्याला काय करणार.

भाचा शेला खांद्यावर घेऊन उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड असं होतं, की कोंबडी धरायला हात घातला आणि हातात पिसंच आली.

मी सदरा काढला आणि मैदानात उतरलो. पंचांना म्हणालो, तो गावचा भासा असन तं मी सख्खा मामा हावो. ज्याले हात लावाचा नसन त्यानं नका लावू. मी लावतो. पाप माह्या डोस्क्यावर. म्हातारे ओरडले, की हे करू नको, वंशाला लागेल. ओट्यावर बहीण उभी राहिली आणि तिने नुसता हात हलवला, नको म्हणून. मी तेव्हा पन्नाशीला टेकलो होतो, पण वजन होतं, मान होती. उस्तादाला भारी गडी पाहिजे होता. मी भारी होतो.

भाचा म्हणाला, “मामा, चाला घरी.”

मी म्हटलं, “उद्याची गाडी काय तुह्या घरी येनार हाये? आज मी तुहा मामा नाई. पाड मले.”

जन्मात पहिल्यांदा मी त्याच्या पाया न पडता त्याच्यासमोर उभा राहिलो. त्याने शेला आणि नारळ खाली ठेवला. मी खोटी कुस्ती लढणारा नव्हे. त्याच्या मानेवर हात टाकला तो पाडायलाच टाकला. मान हाताला लागली, गरम, दोरासारखी. आणि मग हातात मान नव्हती. माझा पाय माझा राहिला नाही. पोटात खांदा शिरला, तो काही माणसाचा खांदा वाटला नाही, बैलबंडीची दांडी वाटली. इतकी वर्षं ज्याला वाक म्हणून सांगत होतो, तो वाकला म्हणजे काय होतं ते त्या दिवशी मला कळलं. शाळेचं कौल दिसलं, आभाळ दिसलं.

दोन्ही खांदे मातीला लागले. पण डोकं लागलं नाही. डोक्याखाली मऊ काहीतरी होतं. तो त्याचा डावा तळहात होता.

हे नीट लक्षात घ्या. उजव्या हातात माझा पाय, खांद्यावर माझं सगळं अंग, आणि मी पडायला लागल्यापासून जमिनीला लागेपर्यंतच्या वेळात त्याने डावा हात मोकळा करून माझ्या डोक्याखाली घातला. पाडतानाही त्याला मामा मामाच होता. एवढी चपळाई मी ना आधी पाहिली ना नंतर. ती पाहणारा मी एकटा, तोही पाठीवर पडलेला.

लोक हसत होते. उस्ताद उठला आणि धोतर झटकत म्हणाला, “घरची कुस्ती हाये ही. पाडनाराच खाली उशी टाकून देते काय?”

मी पाठीच्या मातीसकट त्याच्यापर्यंत गेलो. सांगितलं, की मी जोर लावून लढलो, तो हात त्याने पडता पडता घातला, पाहिला नाही का तुम्ही. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. म्हणाला, मामा हाये तुमी, भाच्यासाठी येवढं तं कराच लागते. उस्ताद होता तो, आयुष्य कुस्तीत गेलेलं. पण कोंबडीला जे दिसत नाही ते त्याला कुठून दिसावं.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीने दलालाचा मुलगा गेला. हलक्या वजनाची जागा होती ती तशीच राहिली की कोणी दुसरा घेतला, माहीत नाही. वजनदार गटातही म्हणे त्यांना पोरगा पाहिजेच होता, आणि संस्कारी पाहिजे होता. दोन वर्षांत त्याला नोकरी लागली. बहिणीने खुंटीवरची पिशवी काढली, सदरे पुन्हा घडी करून आपल्या पिशवीत टाकले आणि नाचणगावला गेली. जाताना मला म्हणाली, “भाऊ, तू उतरला नसता तं पंचाईले दुसरा गडी पाहा लागला असता. उस्ताद थांबला असता.”

मोहल्लाही तेच म्हणाला. आजही म्हणतात. मी मानत नाही. दुसरा गडी कोण आला असता? ज्याला त्याला त्या दिवशी भाचा सापडला असता. सगळं गाव रांगेने पाया पडलं असतं. मी उतरलो म्हणून तो निदान एकदा तरी सगळ्यांसमोर लढला. मी चुकलो असं मला कोणी लिहून दिलं तरी मी वाचणार नाही. पुढच्या हंगामात गाठीखाली माझा खांदा गेला, तेव्हा लोक म्हणाले, भाच्याला हात लावला त्याचं फळ. फळ असतं तर ते उस्तादाच्या डोळ्यांना लागलं असतं.

भाच्याला घेऊन मी एकदा वर्ध्याला गेलो होतो, तिथल्या निवडीला. त्यांनी विचारलं, आधी कुठे खेळला, कोणाकडून आला. आम्ही कोणाकडून आलो नव्हतो. परतताना एस.टी.त तो म्हणाला, मामा, आता राहू द्या. त्यानंतर आखाड्यात गवत वाढलं. तो नाचणगावला गेला, लग्न केलं, पुलगावात ट्रक भरायच्या कामाला लागला. इतका जोर, आणि तो सगळा सिमेंटच्या पोत्यांखाली गेला. पोतं उचलायला चपळाई लागत नाही, ती नुसती पडून राहिली अंगात. कुठे पडून राहते ती, मला तर समजत नाही.

दोन हजार साल उलटून गेल्यावर गावात व्यायामशाळा झाली. शेड, लोखंडी मशिनी, आरसे. उद्घाटन पोळ्याच्या करीला ठेवलं, आणि पाहुणा म्हणून दलालाचा मुलगा आला, गाडीतून. पोट सुटलेलं, केसांना कलप. भाचा पोळ्यासाठी माझ्याकडे होता. मी जाणार नव्हतो. तोच म्हणाला, चाला, पाहू मशिनी कशा हायेत.

भाषणात ती गोष्ट आलीच. तो म्हणाला, मी नोकरीसाठी लढू शकत होतो, पण भाच्यावर हात उचलला नाही, आणि त्या पुण्याईनेच मला सारं मिळालं. टाळ्या. मग त्याला गर्दीत भाचा दिसला. ओळखलं त्याने, त्याला वाईट म्हणायचं नाही असं मी आधीच सांगितलं आहे. मंचावरून खाली उतरला, फोटोवाल्याला हात करून जवळ बोलावलं. “अरे, भासेबुवा,” म्हणाला, आणि वाकला.

भाचा हलला नाही, असं मला वाटलं. बाजूच्यांनाही तसंच वाटलं. पण दलालाच्या मुलाचे दोन्ही हात सिमेंटच्या फरशीवर टेकले होते, आणि जिथे भाच्याचे पाय होते तिथे पाय नव्हते. पाय हातभर मागे होते. वजन पुढे आलं, गुडघा टेकला, फोटोवाल्याने पटकन कॅमेरा खाली घेतला. दोघांनी धरून उठवलं त्याला. तो हसून म्हणाला, वय झालं आता. फोटोवाला म्हणाला, साहेब, पुन्हा एकदा घेऊ. पण भाचा तोवर फाटकाबाहेर गेला होता.

मी त्याला नाल्याच्या पुलावर गाठलं. धाप लागली होती मला. विचारलं, “काऊन सरकला रे?”

तो म्हणाला, “मामा एकच हाये मले. जो लढला तो.”

आणि निघाला, कारण संध्याकाळच्या गाडीने त्याला परत पुलगावला जायचं होतं, सकाळी ट्रक होता. त्याचं तेवढ्याने भागलं. अजूनही पोळ्याला येतो, जेवतो, हसतो, मी त्याच्या पाया पडलो की थांबा म्हणतो. माझं भागलं नाही. गावाने त्या दिवशी पाहिलं ते एवढंच, की साहेब वाकताना घसरले.